ईनॉड४०चं काम कोण करतं: पेप्टाइड की आरएनएची घडी?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. प्रश्नकर्त्यांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरच्या गाठींमधलं ईनॉड४० हे जनुक निवडलंय. सोयाबीन, मेडिकागो आणि लोटस या तीन शेंगवर्गीय वनस्पतींमधले त्याच्या आरएनएचे क्रम (ए, सी, जी, यू या अक्षरांच्या मालिका) त्यांनी आरएनएफोल्ड या घडीचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकले, तर तीन भलतीच वेगळी चित्रं निघाली. एका लेखात हे ‘भाषांतर न होणारं आरएनए’ आहे, म्हणजे त्यापासून प्रथिन बनत नाही, असं वाचलं, दुसऱ्यात ‘यातून दोन छोटी पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) बनतात’ असं. आरएनएआय करून, म्हणजे जनुकाचं आरएनए पेशीतच कापून, जनुक दाबलं की गाठी कमी होतात, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांचं विचारणं असं: चित्रं जुळत नाहीत, म्हणजे रचना जपलेली नाही असं लिहून मोकळं व्हायचं का? आणि रचना महत्त्वाची असेल, तर ते दाखवायचं कसं?

लिहून मोकळे होऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. पहिला, या आरएनएची एखादी ठरावीक घडी, म्हणजे अक्षरांनी आपापसांत जोड्या लावून बनलेला आकार, उत्क्रांतीत टिकून राहिली आहे का? त्याचं उत्तर अनेक प्रजातींचे क्रम शेजारी ठेवून आणि परीक्षानळीत आरएनए तपासून मिळतं. दुसरा, ती घडी गाठ बनवताना काही काम करते का? त्याचं उत्तर फक्त जिवंत मूळ देतं, संगणक देत नाही. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ होत नाही. ‘कोडिंग की नॉन-कोडिंग’, म्हणजे हे आरएनए पेप्टाइड बनवतं की नाही, हा तिसरा प्रश्न मात्र माझ्या मते चुकीचा विचारला जातो. तो का, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी धावती घेतो, कारण ती तुम्हाला माहीत असणार. मूळ फ्लॅव्होनॉइड ही रसायनं सोडतं, रायझोबियम या जिवाणूचं नॉडडी प्रथिन त्याने जागं होतं, जिवाणू नॉड फॅक्टर हा संकेत-रेणू बनवतो, मुळाच्या केसावरचे एनएफआर१ आणि एनएफआर५ हे ग्राहक तो ओळखतात. पुढे केंद्रकात कॅल्शियमची स्पंदनं, ती वाचणारं सीसीएएमके हे प्रथिन, त्याच्या हाताखाली सायक्लॉप्स आणि मग एनआयएन ही जनुकं सुरू करणारी प्रथिनं. एवढ्या साखळीनंतर मुळाच्या सालीतल्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि गाठीचा अंकुर धरतो. ईनॉड४० या साखळीत लवकर दिसतं. जिवाणू सालीपर्यंत पोहोचायच्या आधीच ते परिचक्रात, म्हणजे पेरिसायकल या सालीच्या आतल्या पेशींच्या थरात, सुरू झालेलं असतं. आडव्या छेदावर इन सिटू (जनुक कुठल्या पेशींत सुरू आहे ते रंगाने दाखवणारी चाचणी) केलं, तर जांभळा रंग मुळाला पूर्ण कडं घालत नाही. प्रोटोझायलमच्या, म्हणजे सगळ्यात आधी बनणाऱ्या जलवाहिन्यांच्या, टोकासमोरच्या मोजक्या पेशींतच तो उठतो आणि काही वेळाने त्याच रेषेत बाहेरच्या विभागणाऱ्या पेशींत येतो. गाठ नेमकी कुठे उगवणार, याची ती जणू खूण असते. ही जागेची बाब लक्षात ठेवा, प्रयोग आखताना तिची गरज पडणार आहे.

आता त्या दोन लेखांमधल्या विसंगतीकडे. १९९३ मध्ये सोयाबीनमधून ईनॉड४० वेगळं केलं गेलं. ट्रान्सक्रिप्ट (जनुकावरून बनणारं आरएनए) साधारण ७०० न्यूक्लिओटाइडांचं, म्हणजे अक्षरांचं, आणि त्यात लांबलचक वाचन चौकट (प्रथिनात भाषांतर होऊ शकेल असा पट्टा) कुठेच नाही. १९९४ मध्ये क्रेस्पी आणि सहकाऱ्यांनी मेडिकागोतल्या ईनॉड४०वर काम करून हे भाषांतर न होणारं आरएनए असावं अशी मांडणी केली. त्या वेळच्या चष्म्यातून ते रास्तच होतं. प्रथिन म्हटलं की किमान शंभरेक अमिनो आम्लं, असा हिशेब होता. बारा-तेरा अमिनो आम्लांची चौकट कुणी मोजतही नसे. पण निरनिराळ्या प्रजातींचे क्रम हाती आले, तेव्हा दोन पट्टे उठून दिसले, एक ५′ (आरंभाच्या) बाजूचा आणि एक ३′ (शेवटच्या) बाजूचा. त्यांना बॉक्स १ आणि बॉक्स २ म्हणतात. बॉक्स १ मधली छोटी चौकट जवळजवळ सगळीकडे टिकून आहे: सोयाबीनमध्ये १२ अमिनो आम्लांची, मेडिकागोत १३. २००२ मध्ये रोहरिग आणि सहकाऱ्यांनी गव्हाच्या अंकुराच्या अर्कात सोयाबीनचं ईनॉड४० आरएनए घालून दाखवलं, की त्यातून १२ आणि २४ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडं खरोखर बनतात आणि ती सुक्रोज सिंथेज या साखर फोडणाऱ्या विकराला चिकटतात. गाठीला साखर ओढून आणायची असते, त्यामुळे ही जोडी अगदीच बिनबुडाची वाटत नाही.

मग घडीचं काय? इथे माझ्या दृष्टीने सगळ्यात कळीचा प्रयोग २००१चा आहे, आणि तो लोक भरभर वाचून पुढे जातात. सौसा आणि सहकाऱ्यांनी मेडिकागोच्या ईनॉड४०चे बदललेले तुकडे लसूणघासाच्या मुळात सूक्ष्म कणांवरून थेट पेशींत सोडले. मोजायचं काय, तर सालीतल्या पेशी विभागतात की नाही. त्या आरएनएत १३ आणि २७ अमिनो आम्लांच्या दोन छोट्या चौकटी आहेत. दोन्हींचं भाषांतर होणं पेशी विभागण्यासाठी गरजेचं ठरलं. एवढ्यावर थांबलं असतं तर पेप्टाइडवाले जिंकले असते. पण त्यांनी दोन चौकटींच्या मधला, घडी पडेल असा अंदाज असलेला भागही काढून पाहिला. चौकटींचं भाषांतर तसंच चालू राहिलं, आणि तरीही पेशी विभागण्याचा परिणाम बराच घसरला. म्हणजे एकच रेणू दोन कामं करतोय: काही भागाने पेप्टाइड बनवतो, काही भागाने स्वतःच्या आकाराने काहीतरी साधतो. म्हणूनच ‘कोडिंग की नॉन-कोडिंग’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. हिशेब करून बघा. दर अमिनो आम्लाला तीन अक्षरं, असं धरून दोन्ही चौकटी स्टॉप कोडॉनसकट (भाषांतर थांबवणाऱ्या तीन अक्षरांसकट) मोजल्या तरी ४२ आणि ८४ मिळून १२६ न्यूक्लिओटाइडं होतात, सातशेतली सव्वाशे. बाकीचं आरएनए निव्वळ ओझं म्हणून उत्क्रांतीने सांभाळलंय असं मानायला मी तयार नाही. अर्थात ‘मानायला तयार नाही’ हा पुरावा नव्हे.

त्या आकाराचा उपयोग काय, याचा एक धागा २००४ मध्ये मिळाला. कॅम्पालान्स आणि सहकाऱ्यांना ईनॉड४० आरएनएला चिकटणारं एमटीआरबीपी१ हे प्रथिन सापडलं. एरवी ते केंद्रकात ठिपक्याठिपक्यांनी बसलेलं असतं. ईनॉड४० सुरू असलेल्या गाठीच्या पेशींत ते केंद्रक सोडून पेशीद्रव्यातल्या कणांमध्ये गेलेलं दिसलं. आरएनए प्रथिनाचा पत्ताच बदलतंय. पुढे २०१४ मध्ये अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वनस्पतीमधली एमटीआरबीपी१ची नातेवाईक प्रथिनं, म्हणजे एनएसआर, स्प्लायसिंग (आरएनएचे तुकडे कापून जोडणं) कशी फिरवतात आणि आस्को नावाचं लांब नॉन-कोडिंग आरएनए त्यांना कसं अडकवून ठेवतं, हे समोर आलं. गंमत अशी, की अराबिडॉप्सिसकडे ईनॉड४० नाही आणि त्याच्या मुळांवर गाठीही येत नाहीत. उलट भात, तंबाखू, टोमॅटो यांच्याही मुळांवर गाठी येत नाहीत, पण ईनॉड४० त्यांच्याकडे आहे. त्यामुळे ‘ईनॉड४० म्हणजे गाठीचं जनुक’ हे वाक्य प्रबंधात लिहिताना हात आखडता घ्या. गाठीने ते बहुधा आधीपासून असलेल्या सामानातून उचललंय.

आता तुमच्या तीन चित्रांवर येतो. इथे जरा तपशिलात जाणार आहे, कारण चुका इथेच होतात.

आरएनएफोल्ड तुम्हाला एक चित्र देतं, ते सर्वात कमी ऊर्जेचं. सातशे न्यूक्लिओटाइडांच्या रेणूला त्या ऊर्जेच्या अगदी जवळपास असंख्य घड्या पडू शकतात. त्यातली पहिली आणि पन्नासावी यांच्यातला फरक ऊर्जेच्या आकडेवारीतल्या चुकीपेक्षाही लहान असू शकतो. ज्यांची रचना पक्की माहीत आहे अशा आरएनएंवर ही पद्धत तपासली, तेव्हाही सातशेपर्यंतच्या लांबीला सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपासच जोड्या बरोबर आल्या. ईनॉड४०सारख्या रेणूवर त्याहून जास्त भरवसा का ठेवायचा? म्हणून एका चित्राऐवजी जोडी-संभाव्यतेचा, म्हणजे कुठल्या दोन अक्षरांची जोडी लागण्याची किती शक्यता आहे हे दाखवणारा, ठिपक्यांचा नकाशा काढा. जे देठ (समोरासमोर जोड्या लागलेले सलग पट्टे) त्यात ठळक येतात तेवढ्यांवरच बोला, बाकीचं चित्र विसरा. आणि हो, तापमान बघितलंत का? त्या प्रोग्रॅमचं ठरलेलं तापमान ३७ अंश असतं. तुमची रोपं २२ ते २४ अंशांवर वाढतात. आकडा बदलून पुन्हा चालवा, सीमेवरचे दोन-तीन देठ जागा बदलताना दिसले तर नवल नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील. सुरुवातीच्या काळात मी एका क्लोनमधून आलेला क्रम जसाच्या तसा घडीला टाकला होता. शेवटी तीसेक ए असलेली पॉली-ए शेपटी होती आणि सुरुवातीला व्हेक्टरचा, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएचा, चाळीसेक अक्षरांचा तुकडा चिकटलेला होता. चित्रात एक लांबलचक देखणा देठ आला. तो मी छापून भिंतीवर लावला, त्याभोवती म्युटंटही आखले. नंतर एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, की या देठाची एक बाजू सगळी ‘ए’च कशी काय? ती शेपटी होती आणि समोर यू-बहुल पट्टा. शेपटी काढली, देठ गेला. तुमच्या तिन्ही क्रमांचे दोन्ही टोकांचे भाग आज तपासा. डेटाबेसमधल्या जुन्या सीडीएनए (आरएनएवरून उतरवलेल्या डीएनए) नोंदींमध्ये शेपटी असते, कधी ५′ टोक अपुरं असतं. तिघांची लांबी एकसारख्या जागी कापलेली नसेल, तर चित्रं जुळण्याची अपेक्षाच करता येत नाही.

आणखी एक तपासणी करा: तुमचा क्रम पिसून घ्या. शेजारशेजारच्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचं प्रमाण कायम राहील अशा बेताने क्रम शंभर वेळा फेटा आणि प्रत्येकाची घडी काढा. कुठलाही आरएनए घडी घालतोच, तो त्याचा स्वभाव आहे. खऱ्या क्रमाची ऊर्जा फेटलेल्यांच्या गर्दीतच पडत असेल, तर ‘किती स्थिर रचना आहे’ हे वाक्य खोडा. रिव्हास आणि एडी यांनी २००० मध्येच दाखवलं होतं, की निव्वळ स्थिरतेवरून आरएनएचं कार्य असलेलं जनुक सहसा ओळखता येत नाही.

मग घडी खरी आहे हे ओळखायचं कशावरून? पूरक बदलांवरून. छोटं उदाहरण घेऊ, हे समजावण्यापुरतं मी बनवलेलं आहे. समजा एका प्रजातीत देठाची एक बाजू ५′ कडून जी-ए-सी-यू-सी आहे आणि समोरची बाजू ५′ कडून जी-ए-जी-यू-सी. उलटसुलट ठेवून जोड्या लावल्या की पाचही बसतात, मधली जोडी सी-जी. दुसऱ्या प्रजातीत पहिली बाजू जी-ए-यू-यू-सी झाली आणि समोरची जी-ए-ए-यू-सी. मधली जोडी आता यू-ए. दोन्ही बाजूंची अक्षरं बदलली, जोडी मात्र टिकली. तिसऱ्या प्रजातीत फक्त पहिली बाजू बदलून यू आली, समोर जी तसाच राहिला: यू-जी ही कमकुवत जोडी, पण जोडीच, जणू वाटेवर थांबलेली. असे दुहेरी बदल एकाच देठात तीन-चार ठिकाणी दिसले, तर निसर्गाने अक्षरं सोडून आकार राखलाय असं म्हणता येतं. उत्क्रांतीने आपल्यासाठी म्युटेशनचा प्रयोग आधीच करून ठेवलेला असतो.

याची उलट बाजू बरेच जण विसरतात. एखादा पट्टा सगळ्या प्रजातींत अक्षरशः तंतोतंत सारखा असेल, तर तिथल्या जोड्यांबद्दल पूरक बदल काहीच सांगू शकत नाहीत, कारण बदलच झालेला नाही. बॉक्स १ आणि बॉक्स २ चे गाभे नेमके असे आहेत. तो क्रम पेप्टाइडमुळे जपलाय, प्रथिन चिकटायच्या जागेमुळे की देठामुळे, हे तुलनेतून वेगळं काढता येत नाही. तुम्ही ‘शंभर टक्के जपलेली रचना’ असं कुठे लिहिलं असेल, तर ते ‘शंभर टक्के जपलेला क्रम’ असं करा. आकडेवारीसाठी आर-स्केप हा प्रोग्रॅम वापरा. पूरक बदल निव्वळ वंशावळीमुळे तर दिसत नाहीत ना, हे ते तपासतं. त्यासाठी तीन क्रम अगदीच तोकडे पडतात. वीस-पंचवीस तरी जमवा, आणि त्यात शेंगवर्गाबाहेरचे घ्या.

हे काम ईनॉड४०साठी बऱ्याच अंशी झालेलंही आहे. २००३ मध्ये जिरार्ड आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनचं आरएनए रसायनं आणि विकरं वापरून तपासलं: कुठली अक्षरं मोकळी, कुठली जोडीत. २००७ मध्ये गुलत्याएव आणि रूसिस यांनी खूप प्रजातींची तुलना करून जपलेले देठ दाखवले आणि त्यांच्या जोडीने एक फार उपयोगाची गोष्ट मांडली. जपलेल्या गाभ्याच्या मधे मधे लांबी बदलणारे भाग घुसलेले असतात, रायबोसोमच्या आरएनएत असतात तसे. एका गटात तो भाग चाळीस अक्षरांनी फुगलेला, दुसऱ्यात जवळपास नाहीच, असं होऊ शकतं. तुमची तीन चित्रं इतकी वेगळी दिसण्याचं मोठं कारण हेच असावं. पूर्ण रेणूची घडी एकदम घातली, की फुगलेले भाग गाभ्यातल्या अक्षरांना ओढून भलत्याच जोड्या लावतात. गाभ्यातले एकेक देठ सुटे कापून घ्या, आधी तिन्ही क्रम एकत्र जुळवा आणि मग आरएनएअ‍ॅलिफोल्डने सामाईक घडी काढा. चित्रं बरीच जवळ येतील.

इथवरचं एका दमात: चित्रं न जुळणं हा रचनेविरुद्धचा पुरावा नाही, एकेकट्या घडीची ती मर्यादा आहे, आणि पूरक बदल दिसले तर घडी खरी, पण कामाची आहे की नाही ते अजून बाकी.

त्या कामाच्या प्रश्नाला आरएनएआय का पुरत नाही, ते आता उघड व्हावं. २००६ मध्ये लोटसमध्ये ईनॉड४० आरएनएआयने दाबलं तेव्हा गाठी ठळकपणे घटल्या. २००७ मध्ये मेडिकागोत दोन्ही प्रती, ईनॉड४०-१ आणि ईनॉड४०-२, गाठीच्या सुरुवातीला आणि आतल्या बॅक्टेरॉइडच्या (गाठीत राहून नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या) वाढीला लागतात असं दिसलं. जनुक लागतं, हे यातून पक्कं झालं. पण आरएनएआय रेणूच नाहीसा करतो. पेप्टाइडही गेलं, घडीही गेली. कुणामुळे गाठी घटल्या, हे त्यातून कधीच कळणार नाही. तुम्हाला दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोडता आल्या पाहिजेत.

मी असं आखतो. आधी एक रिकामी पाटी हवी, म्हणजे ज्यात मूळ जनुक नाही अशी वनस्पती. त्यात परत टाकायचे प्रकार असे: जसंच्या तसं जनुक, बॉक्स १ च्या चौकटीत सुरुवातीचा एयूजी (भाषांतर सुरू करणारी तीन अक्षरं) मोडलेलं किंवा मधे स्टॉप घातलेलं, पण घडी न बिघडवता, निवडलेल्या देठाची डावी बाजू मोडलेलं, उजवी बाजू मोडलेलं, आणि दोन्ही बाजू अशा बदललेलं की देठ पुन्हा जुळतो. वरच्याच देठात डावीकडच्या सीचा जी केला तर समोरासमोर जी-जी, जोडी तुटली. उजवीकडच्या जीचा सी केला तर सी-सी, पुन्हा तुटली. दोन्ही केले तर जी-सी, जोडी परत आली, अक्षरं मात्र मूळची नाहीत. डाव्या आणि उजव्या म्युटंटमध्ये गाठी घटल्या आणि दुहेरीत परत आल्या, तर घडी काम करते असं छातीठोकपणे लिहा. दुहेरीतही घटलेल्याच राहिल्या, तर तिथे अक्षरं महत्त्वाची आहेत, आकार नव्हे, किंवा तुमचा देठच खरा नाही. एकच जोडी बदलून लांब देठ मोडत नाही, तीन-चार सलग बदला. आणि देठ चौकटीच्या आत येत असेल तर पेप्टाइड न बदलता अक्षरं बदलायला जागा फारच थोडी राहते. तेरा कोडॉनांत किती खेळणार? म्हणून पहिला देठ दोन चौकटींच्या मधला निवडा. २००१च्या प्रयोगाने बोट तिकडेच दाखवलंय.

रिकामी पाटी आरएनएआयने बनवू नका. तुम्ही परत टाकलेलं जनुकही तो आरएनएआय तितक्याच आनंदाने कापेल. क्रिस्पर (जनुक हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र) वापरा, पण ईनॉड४०मध्ये त्याची एक खोच आहे. एका गाइडने (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या आरएनएने) चौकटीत एक-दोन अक्षरं गळाली, तर पेप्टाइड गेलं, पण बाकीचं आरएनए जवळपास शाबूत राहिलं. नेहमीच्या प्रथिनाच्या जनुकात आपण याला नॉकआउट म्हणतो. इथे ते अर्धवटच आहे. ती गैरसोय म्हणा किंवा आयता मिळालेला पेप्टाइड-म्युटंट म्हणा. पूर्ण नाहीसं करायचं तर दोन गाइड लावून अख्खा तुकडा, शक्यतो प्रमोटरच्या (जनुक कुठे-कधी सुरू व्हायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) गाभ्यासकट, काढावा लागतो. आणि जनुकाच्या प्रती किती आहेत ते आधी मोजा. सोयाबीनमध्ये आणि मेडिकागोत एकीवर भागत नाही. एक काढली तर दुसरी काम चालवून नेते आणि तुम्हाला ‘परिणाम नाही’ असं खोटं उत्तर मिळतं.

प्रमोटर त्या जनुकाचा स्वतःचाच घ्या. वर मी जांभळ्या रंगाची जागा सांगितली ती यासाठी. पस्तीस-एस या बहुतेक पेशींत चालणाऱ्या प्रमोटरने आरएनए सगळीकडे ओतलात, तर एमटीआरबीपी१सारखं प्रथिन सगळ्याच पेशींत हलेल. शिवाय जास्तीच्या ईनॉड४०मुळे एरवी शांत असलेल्या सालीच्या पेशीही विभागू शकतात, हे मेडिकागोत १९९७ मध्येच दिसलंय. मग तुम्ही घडीचा परिणाम मोजताय की अतिरेकाचा, हे तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही. प्रत्येक प्रकाराचं आरएनए सारख्याच प्रमाणात जमतंय का, तेही क्यूपीसीआर या आरएनए मोजण्याच्या चाचणीने मोजा. देठ मोडला की आरएनए लवकर नष्ट होऊ शकतं. तसं झालं तर घटलेल्या गाठींचं श्रेय आकाराला देता येत नाही, आरएनएच कमी होतं. त्या चाचणीचे प्राइमर (मोजायच्या आरएनएला ओळखणारे छोटे डीएनए तुकडे) दोन्ही प्रतींना सारखेच बसत नाहीत ना, हेही बघा.

प्रत्यक्ष गाठी मोजण्याबद्दल दोन गोष्टी. तुमच्या मुदतीत पूर्ण रूपांतरित (प्रत्येक पेशीत नवं जनुक असलेली) रोपं होणार नाहीत, म्हणून हेअरी रूट (जिवाणूकरवी फक्त मुळांत जनुक घालण्याची पद्धत) कराल असं धरतो. त्यातलं प्रत्येक मूळ ही स्वतंत्र घटना असते. एकाच रोपावरची दोन मुळं सारखी नसतात. लाल चमकणारा मार्कर लावा आणि न चमकणारी मुळं लस (रायझोबियम) द्यायच्या आधी कापून टाका, नाहीतर रूपांतर न झालेल्या मुळावरच्या गाठी तुमच्या हिशेबात घुसतात. आकडेवारीत रोप हे एकक धरा, गाठ नव्हे. गाठींच्या संख्येत विखुरणं फार असतं: एका रोपावर शून्य, शेजारच्यावर अठरा. त्याला साधी टी-चाचणी शोभत नाही, निगेटिव्ह बायनोमियल हे विखुरलेल्या संख्यांसाठीचं प्रतिमान बरं पडतं.

दुसरी गोष्ट नत्राची. एकदा माझ्या नियंत्रण रोपांवरसुद्धा एकही गाठ आली नाही. जिवाणू बदलून पाहिला, बियाणं बदलून पाहिलं, दिव्यांना दोष दिला. शेवटी लक्षात आलं, की मुळं फुटण्यासाठीच्या माध्यमात नायट्रेट होतं आणि रोपं हलवताना जेलचे गोळे मुळांना चिकटून नव्या भांड्यात गेले होते. नत्र आयतं मिळालं की मूळ गाठ कशाला बनवेल? तेव्हापासून मी मुळं धुऊन घेतो, चार-पाच दिवस नत्र नसलेल्या माध्यमात उपाशी ठेवतो आणि मगच लस देतो. गाठ कापून आत गुलाबी आहे का तेही बघा. लेगहिमोग्लोबिनचा तो रंग नसेल, तर संख्या असूनही गाठ रिकामी असू शकते. ईनॉड४०चा संबंध बॅक्टेरॉइडच्या वाढीशीही आहे, त्यामुळे नुसती संख्या मोजून थांबलात तर अर्धी गोष्ट हुकेल.

कुठल्या वनस्पतीत करायचं, हे तुमच्या हाताशी काय आहे त्यावर ठरेल. सोयाबीन आणि लोटसच्या गाठी गोल, ठरावीक वाढीच्या. मेडिकागोच्या लांबट, टोकाशी वाढत राहणाऱ्या. एकीकडचा निष्कर्ष दुसरीकडे बिनदिक्कत लावता येत नाही. प्रयोगशाळेत लोटसची रोपं आणि त्यात क्रिस्पर करणारं कुणी असेल तर लोटस घ्या, रोप लहान आणि चक्र छोटं. घडीशी संबंधित जुना पुरावा मात्र मेडिकागो आणि लसूणघासात जास्त आहे; त्याच्याशी थेट तुलना करायची असेल तर मेडिकागो.

सहा महिनेच हातात असतील तर रोपांवरचा प्रयोग पूर्ण होईल अशी आशा धरू नका. पहिले दोन महिने क्रम गोळा करून, टोकं साफ करून, पूरक बदलांचं विश्लेषण करा. त्यातून दोन चौकटींच्या मधला एकच देठ निवडा. मग डावा, उजवा आणि दुहेरी असे तीन आरएनए परीक्षानळीत बनवून शेप किंवा डीएमएस या, जोडीत नसलेली अक्षरं ओळखणाऱ्या, रासायनिक पद्धतींनी तपासा: डाव्या-उजव्यात त्या जागा मोकळ्या होतात का, दुहेरीत पुन्हा झाकल्या जातात का. एवढं नीट झालं तर प्रबंध उभा राहतो, आणि मुळातला प्रयोग पुढचं कुणी त्याच तीन रचनांवरून सुरू करू शकतं. जुळवणी करताना अडकलात तर जुळवलेला क्रम इथे टाका, कुठला भाग फुगलेला आहे ते मी दाखवतो.